पळणाऱ्या हिरोचा शेवटचा भाग

एकच गोष्ट चार हिरोंच्या चार कॉमिकमध्ये तोडून विकायची, ही अक्कल ज्याची असेल त्याला मला अजून चार शब्द सुनावायचेत. नव्वद सालानंतर हे फॅड फार वाढलं. पहिला भाग एका हिरोच्या अंकात, पुढचा दुसऱ्याच्या. त्यात साताऱ्यातला आमचा लायब्ररीवाला महाभाग! एकेका हिरोचे अंक एकत्र शिवून जाडजूड बाइंडिंग करायचा. म्हणजे एक गोष्ट चार बाडांत, आणि हवं ते बाड कायम दुसऱ्याच्या घरी.

ह्या फॅडात गुण नव्हताच असं नाही. एरवी ज्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं असा हिरो अशा गोष्टीत भेटायचा. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, तसाच एक भेटला. उडता येत नाही, अंगात वीज नाही, नुसता पळतो. दादा त्याच्यावर लय खूश. कारण दादाही रोज पहाटे पळायचा. वडील फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, गल्लीतली निम्मी पोरं पलटणीत. दादाला भरती व्हायचं होतं, दुसरं काही नकोच होतं. त्याच्या वयात बसणारी ती शेवटची भरती होती.

पळण्यात तो पहिला आला. मेडिकलला डॉक्टरांनी सरळ उभं केलं आणि गुडघे एकमेकांना चिकटतात म्हणून बाहेर काढलं. त्याला औषध नाही. वडील एवढंच म्हणाले, "नशीब." मला मात्र सगळ्या जगाचा राग आला होता.

दादाला जरा बरं वाटावं म्हणून मी लायब्ररीवाल्याच्या डोक्यावर बसून त्या गोष्टीचा राहिलेला शेवटचा भाग असलेलं बाड आणलं. सगळी लढाई बड्या हिरोंनीच मारली होती. आमचा पळणारा एका चित्रात, मागच्या गर्दीत, अर्धा चेहरा. संपलं! दादानं पानं पुन्हा उलटून बघितली.

"मग ह्याला बोलावलं कशाला रं?" तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात तो सांगलीजवळ कुपवाडच्या एका कारखान्यात लागला. सुट्टीला यायचा, परत जाताना मी स्टँडवर सोडायला जायचो. सांगलीची एसटी हलायला लागली तरी दादा आपला चालतच. "दादा, पळ की!" मी ओरडायचो. तो मान खाली घालून चालत राहायचा, आणि गाडी निघून जायची.