धुराड्याखालचं ऊन

काल सुनेकडे कारागीर गॅसवरची चिमणी धूत होता. काजळीच्या त्या ओल्या वासासरशी मी मनानं सौसरच्या आमच्या लहानपणच्या चुलीपुढे जाऊन बसले.

छप्पन साली राज्यं वेगळी झाली, तो आठवडा. आईचं नरखेडचं माहेर पलीकडच्या राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशात उरलो. दिवाळीसाठी बाबांनी छपराचे कवेलू सरकवून धुराडं खरवडलं, वर बूड फुटलेलं मडकं बसवलं. "पाय वो, धूर कसा सरळ वर जाऊन राहिला!" ते छपरावरून आईला म्हणाले.

धुराड्यातून उतरलेलं ऊन आईच्या ओल्या गालांवर हलत होतं. "धूर गेला माय डोळ्यात," ती मला म्हणाली.

मी अंगणात धावत जाऊन बाबांना सांगितलं, धुराडं अजून चोंदलेलंच आहे. त्यांनी मडकं उचलून खाली आईकडे पाहिलं. मग ते साफ धुराडं खराट्यानं कितीतरी वेळ झाडत राहिले, आईचे डोळे कोरडे होईपर्यंत.