म्हशीसमक्ष दिलेलं उत्तर

१९४९, फेब्रुवारी, सोमवारची सकाळ. राहात्याजवळच्या एका खेड्यातला गोठा. हजर : मी, म्हणजे प्राथमिक शाळेतली बाई, हातात सरकारी फॉर्मांचा गठ्ठा, घरचे आजोबा, त्यांची सून, सुनेची चौथीतली मुलगी, आणि म्हैस. गैरहजर : मुलीचा बाप, नगरच्या छावणीत नोकरीला.

मुलींना पुढं शिकवण्याबद्दल सरकारला आईबापांचं मत हवं होतं. बापाचा रकाना वेगळा, आईचा वेगळा. आधीची आठ घरं मी उरकली होती आणि आठही घरांत आईचा रकाना कोरा राहिला होता.

"लिवा बाई," आजोबा म्हणाले, "पोरगी चौथीनंतर घरी. म्हस कोन राखनार?"

"आणि तिच्या आईचं मत?"

"ती कशी बोलंल? मी हाय न्हवं हितं!"

सासऱ्यासमोर सून तोंड उघडत नसे. ती पाठमोरी बसून धार काढत होती. मुलीनं दप्तर पोटाशी घट्ट धरलं होतं. मी फॉर्म मिटणार, एवढ्यात सून म्हशीला म्हणाली, "ऐकलंस का गं? तुझ्यापायी माझ्या लेकीची साळा सुटायची म्हनं. तू काय मामलेदारीन लागून गेलीस? दोन चुलतभाऊ हायेत की तिचे, दिसभर झाडावर लोंबकळत्यात. त्येंनी राखावं."

मी भराभर लिहून घेतलं.

सुनेला समोरासमोर उत्तर देणं आजोबांच्याही रीतीत बसेना. तेही म्हशीकडं वळले. "शिकून काय दिवे लावनार हाय ती, इचार."

"बापाची पत्रं वाचती म्हनावं. मागल्या पत्रात आज्याच्या तमाशाच्या नादावर चार वळी हुत्या. पोरीनं त्या चारचौघांत गाळल्या, मला मागनं सांगितल्या. पोस्टमननं वाचलं असतं, तर गाळल्या असत्या का, इचार."

आजोबांना जोराचा खोकला आला. तो थांबल्यावर त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "बरं. सातवीपत्तुर जाऊ दे म्हनावं."

फॉर्मात शेवटी विचारलं होतं : उत्तर कोणासमक्ष दिले? मी खरं तेच लिहिलं : म्हशीसमक्ष. आणि आठही घरं पुन्हा यादीत घेतली; वेळ, सकाळची धार. या खेपेला सात रकाने भरले. आठव्या घरी शेळी होती, ती जागेवर थांबेना.

जूनमध्ये आजोबा स्वतः नातीला पाचवीत घालायला आले. हेडमास्तरांनी विचारलं, "मत बदललं वाटतं?"

"मत हाय तेच हाय. पन म्हशीला शब्द दिलाय. रोज दूध देती ती. तिला कसं फसवू?"

त्या सुमारास कचेरीतून तो फॉर्म परत आला. म्हशीभोवती लाल शाईचं वर्तुळ आणि बाजूला शेरा : 'खुलासा करावा.' तेवढं एक काम माझ्या यादीत अजून बाकी आहे. तीनदा लिहायला घेतलं. 'सदर म्हैस समंजस असल्याने' इथवर येते आणि अडते.