रिकाम्या हातांची धाव

आमच्या कोचच्या कानाला मॅचभर हेडफोन असायचा, तोंडासमोर माइकची दांडी असलेला. पलीकडे ऐकायला कुणी नव्हतं. हे मी खात्रीने सांगते, कारण टीमच्या सामानाची यादी माझ्याकडे होती आणि त्या यादीत दुसरा हेडफोन नव्हता. तरी तो माइकमध्ये पुटपुटायचा, आणि पुटपुटताना तोंडासमोर जाड फाइल धरायचा, समोरच्या टीमने ओठ वाचू नयेत म्हणून. समोरच्या टीममध्ये बहुधा दोन प्राथमिक शिक्षिका, एक फिजिओथेरपिस्ट आणि गाईंचा गोठा सांभाळणारी एखादी बाई असे. त्यांना ओठ वाचायची गरज नव्हती. आम्ही काय करणार हे सीमारेषेवर बांधलेल्या कुत्र्यालाही ठाऊक असायचं. आम्ही चेंडू लांब फेकणार.

खेळ अमेरिकन फुटबॉलचाच, पण त्याचा सभ्य प्रकार. पाच बायका इकडे, पाच तिकडे, धक्काबुक्की नाही. प्रत्येकीच्या कमरेला दोन बाजूंना दोन फिती. जिच्या हातात चेंडू तिची फीत ओढली की खेळी संपली. चेंडू आधी क्वार्टरबॅककडे येतो. तिने तो लांब फेकायचा, नाहीतर मागून धावत येणारीच्या हातात द्यायचा. ही मागून धावणारी म्हणजे रनिंग बॅक. आमची रनिंग बॅक माझी भाची होती, माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी.

ती इथे, आयर्लंडमध्ये, वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे आणि पोर्टलीशला आमच्याकडेच राहते. शाळेपासून विद्यापीठापर्यंत ती खो-खो खेळली. ज्यांनी खो-खो नीट पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. अंगावर झेपावणारा हात शेवटच्या क्षणी चुकवायचा, पाय एका दिशेला दाखवून कंबर दुसरीकडे न्यायची, हे तिने बारा वर्षं रोज केलेलं. आणि इथे काय करायचं होतं? कमरेकडे येणारा हात चुकवायचा. पहिल्या दिवशी सरावाला तिच्या हातात चेंडू दिला आणि बाकीच्या सगळ्यांना सांगितलं, पकडा. संध्याकाळभर तिची फीत कुणाच्या हाती लागली नाही. शेवटी दमून एकजण गवतावर बसली आणि म्हणाली, "हिला पकडायला पोलीस बोलवा."

कोचने हे सगळं पाहिलं, फाइलमध्ये काहीतरी लिहिलं, आणि तिला आमिष केलं.

आमिष म्हणजे असं. क्वार्टरबॅक तिला चेंडू दिल्यासारखं करायची. भाचीने रिकामे हात पोटाशी घट्ट धरून, चेंडू असल्यासारखं वाकून जीव तोडून धावायचं. समोरच्या दोघी-तिघी तिच्यामागे धावायच्या. तेवढ्यात क्वार्टरबॅक चेंडू लांब फेकायची, आणि तो वाऱ्यावर वाहत कुंपणाच्या झुडपात जायचा. आयर्लंडच्या मधोमध, उघड्या माळावर, मार्च महिन्यात लांब फेकीचा खेळ बसवणाऱ्या माणसाने खिडकी उघडून कधी बाहेर पाहिलं असेल असं मला वाटत नाही. कॉर्कच्या मॅचला तर चेंडू पलीकडच्या कुरणात मेंढ्यांमध्ये पडला. तो आणायला कोण गेलं? भाचीच. त्या दिवशी तिच्या हातात चेंडू सर्वांत जास्त वेळ तेव्हाच होता.

टीमची व्यवस्थापक मी कशी झाले ते सांगायला हवं. पहिल्या मॅचला मी तिला सोडायला गेले आणि माझ्याजवळ पेन होतं. एवढंच. रुग्णालयात माझं काम ऑपरेशनच्या याद्या लावण्याचं आहे. कुणाचं कधी, कुठल्या खोलीत, कोण करणार. त्यामुळे पाणी कोण आणणार, कुणाच्या गाडीत कोण, फिती मोजून परत आल्या का, हे सगळं आठवड्याभरात माझ्याकडे आलं. त्याबरोबर मनगटावरचं कार्डही. क्वार्टरबॅकच्या मनगटावर एक पट्टा असतो आणि त्यात खेळ्यांची छोटी यादी. कोच बाहेरून आकडा ओरडतो, ती यादीत बघते आणि त्याप्रमाणे खेळते. ती यादी टाइप करून, कापून, लॅमिनेट करून द्यायचं काम माझं. म्हणजे भाचीला चेंडू किती मिळणार हे तिच्याआधी मला कळायचं. कार्डावर तीस खेळ्या होत्या. चेंडू तिच्या हातात जाणाऱ्या दोन, आणि त्या दोन्ही आकड्यांचा कोचला सहसा विसर पडायचा.

माझा नवरा भूल देणारा डॉक्टर आहे. जेवताना मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे उत्तम सर्जनला दाराशी उभं करून पेशंटच्या नातेवाइकांना बोलण्यात गुंतवायला लावायचं."

"काका, मी बोलण्यात गुंतवत नाही," भाची म्हणाली. "मी फक्त पळते. भांडी मी घासते आज, विषय बदला."

विषय तिला बदलायचा होता, कारण तो तिला लागत होता. एकोणिसाव्या वर्षी राज्याच्या खो-खो संघात तिची निवड झाली होती, राखीव म्हणून. पूर्ण स्पर्धा ती बाकावर बसली. घरी परतल्यावर माझ्या बहिणीने तिला जे सांगितलं तेच आम्हाला आमच्या आईने सांगितलं होतं: आपण मागायचं नाही, काम करायचं, ज्याला बघायचं तो बघतो. आता ती सत्तावीसची होती. मोसमाच्या शेवटच्या मॅचला देशाच्या महिला संघाच्या निवड शिबिरासाठी दोन निवडकर्त्या येणार होत्या. इथे राहणारी कुणीही चालणार होती. पुढच्या वर्षीपर्यंत गुडघे असेच राहतील याची तिला खात्री नव्हती. तिला एकदाच, पाहणाऱ्यांसमोर, हातात चेंडू घेऊन धावायचं होतं. दुसरं काही नाही.

कॉर्कहून येताना गाडीत मी म्हटलं, "मी बोलू का त्याच्याशी?"

"मावशी, तू काही बोलायचं नाहीस. मी सहावीत नाहीये."

"मग तू बोल."

"काय बोलू? मला द्या, मला द्या? बरं दिसतं का ते?"

आणि मी, जिने तिला दुसरं काहीतरी सांगायला हवं होतं, म्हणाले, "नाही दिसत. तू खेळत राहा. दिसेल त्याला."

दिसेल त्याला. ज्या माणसाला वारा दिसत नव्हता त्याला.

तिने बजावलं होतं तरी पुढच्या सरावाला मी कोचकडे गेले. मॅचवार नोंद केलेला कागद नेला होता: किती खेळ्या, त्यातल्या किती तिच्या, प्रत्येक वेळी किती पुढे गेलो, आणि त्याच्या शेजारी लांब फेकींचं काय झालं. त्यातलं निम्मं "झुडूप" या एका शब्दात मावत होतं. त्याने कागद पाहिला, हेडफोन एका कानावरून सरकवला.

"ती एकदम ग्रँड आहे," तो म्हणाला. "दोघी-दोघी तिच्या मागे जातात. तिच्यासारखं आमिष या देशात नाही."

"आमिषाने एकदा मासा धरला तर चालेल का?"

तो हसला. चांगल्या स्वभावाचा माणूस होता, हीच खरी अडचण. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. "हे बघा," तो म्हणाला, "पळणं काय, कुणीही पळेल. लोकांना फेक बघायची असते. आणि खरं सांगू? तिने कधी मागितलाच नाही चेंडू. बाकीच्या सगळ्या माझं डोकं खातात. मला वाटलं ती खूश आहे."

कागदाची घडी करून मी खिशात ठेवली. त्याच्या बाकीच्या सगळ्या वाक्यांना माझ्याकडे उत्तर होतं. तिने मागितला नाही, हे वाक्य मात्र आमच्याच घरातून गेलं होतं.

शेवटच्या मॅचच्या दोन दिवस आधी त्याने नवीन कार्डाचा मजकूर पाठवला. तीसच्या चाळीस खेळ्या झाल्या होत्या आणि भाचीच्या दोनाची एक झाली होती. मी टाइप करायला बसले. चाळीसपैकी पाच ओळी बदलल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. तो आकडा ओरडणार, ती कार्ड बघणार, चेंडू भाचीकडे जाणार. मी खूप वेळ त्या ओळींकडे बघत बसले. पण यादीत खोटं लिहिलं तर उजव्याऐवजी डावा गुडघा उघडला जातो, हे माझ्या हाडात बसलेलं आहे. आल्या तशा चाळीसच्या चाळीस मूर्ख खेळ्या मी टाइप केल्या, कापल्या, लॅमिनेट केल्या. मग भाचीच्या खोलीत गेले.

"मी तुला चुकीचं सांगितलं होतं," मी म्हटलं. "माग."

ती गाणी ऐकत होती. इअरफोन काढून म्हणाली, "काय मागू?"

"चेंडू."

"कोचकडे? त्याच्या हेडफोनवर फोन करू?"

"त्याच्याकडे नको. चेंडू जिच्या हातात असतो तिच्याकडे."

तिने इअरफोन पुन्हा कानात घातले. मीही जास्त थांबले नाही.

मॅच ब्लँचर्डस्टाउनजवळ होती. वारा आडवा, पाऊस बारीक. निवडकर्त्या दोघी कडेला उभ्या होत्या, एकीच्या हातात वही, दुसरीच्या हातात ब्रेडचा मोठा रोल. पहिल्या भागात भाची अकरा वेळा रिकामे हात पोटाशी धरून धावली. मी मोजत होते. चेंडू चार वेळा झुडपात, एकदा समोरच्या शिक्षिकेच्या हातात. वहीवालीने वहीत काही लिहिलं नाही. रोलवालीने रोल संपवला.

मध्यंतराला मी संत्र्याच्या फोडी वाटत होते. भाची क्वार्टरबॅकजवळ गेली. ती पोस्टात काम करणारी, रुंद खांद्यांची, चाळिशीची बाई. भाचीने घसा साफ केला नाही, प्रस्तावना केली नाही.

"चेंडू मला दे."

क्वार्टरबॅकने संत्र्याची साल तोंडातून काढली. "तुला हवा असतो?"

"हो."

"मग इतके महिने काय मुहूर्त बघत होतीस? माझा खांदा गेलाय फेकून फेकून. मला वाटायचं तुला ते खोटं पळणंच आवडतं. इतकी मन लावून करतेस."

"मला वाटलं तुम्हाला दिसेल."

"पोरी, माझ्या अंगावर दोन बायका धावून येत असतात. मला काय दिसणार?"

दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला कोच ओरडला, "बावीस." क्वार्टरबॅकने मनगटावरचं कार्ड वर केलं, त्याच कार्डाने नाक खाजवलं, आणि चेंडू भाचीच्या पोटाशी दिला.

पहिली बाई तिच्यामागे गेलीच नाही, कारण तिच्या हातात काही नसतं हे अकरा धावांनंतर त्या सगळ्यांना पाठ झालं होतं. हा कोचचा एकमेव उपयोग. दुसरी आली तेव्हा भाचीने डावा पाय टाकला आणि स्वतः उजवीकडे निघाली. तिसरीने सूर मारला, फितीच्या वीतभर मागे पडली. पुढे कुणी नव्हतं. शेवटची रेषा ओलांडून भाची थांबली आणि हातातल्या चेंडूकडे पाहत राहिली.

कोच म्हणाला, "मी बावीस म्हटलं होतं." मग माइकमध्ये पुटपुटला. पुढच्या वेळी त्याने नऊ म्हटलं, चेंडू भाचीला. एकतीस म्हटलं, चेंडू भाचीला. त्यानंतर तो आकडे जरा हळू ओरडायला लागला. वहीवाली आता लिहीत होती. आम्ही तरी हरलो, पहिल्या भागात घालवलेलं भरून निघालं नाही. सगळ्यांना जवळ बोलावून कोच म्हणाला, "पाहिलंत? पहिल्या भागात आपण पेरलं, दुसऱ्यात कापलं. हाच प्लॅन होता." फाइल त्याने या वेळी तोंडासमोर धरली नव्हती. धरायला हवी होती.

आठ दिवसांनी शिबिराची यादी आली. क्वार्टरबॅकची निवड झाली होती, "खेळ ओळखण्याची समज" म्हणून. भाचीचं नाव खाली होतं, राखीवमध्ये.

मी स्वयंपाकघरातल्या कपाटातून डबे काढत होते. माझ्या जिभेवर "बघतील पुढच्या वेळी" आलं होतं. मी डबे मोजायला लागले. भाचीने यादीखालचा नंबर फिरवला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"तुम्ही मला राखीव ठेवलंय," ती फोनवर म्हणाली, तिच्या सरळ इंग्रजीत. "का ते विचारायला फोन केला." मग ऐकलं. "बरोबर आहे, अर्धीच मॅच दिसली. आधीच्या अर्ध्यात माझ्या हातात काही नव्हतं." पुन्हा ऐकलं. "नाही, राखीव म्हणून मी येणार नाही. मला पहिल्या दिवशी चेंडू द्या. तुमच्यापैकी कुणी माझी फीत काढली तर मी स्वतः घरी जाते."

 मग भाचीने माझ्याकडे बघून पेनाची खूण केली. मी पेन दिलं. तिने वेळ लिहून घेतली.

शिबिराच्या पहिल्या खेळीत त्यांनी तिला चेंडू दिला. दुपारपर्यंत देत राहिले. ती स्वतः घरी आली नाही, मलाच संध्याकाळी आणायला जावं लागलं.

कोच पुढच्या मोसमासाठी पन्नास खेळ्यांचं कार्ड करणार आहे असं ऐकते. टाइप करायला आता त्याने दुसरं कुणी शोधावं. जुनी कार्डं माझ्याकडे आहेत. मी लॅमिनेशन जाड केलं होतं, तव्यावर चिकटलेलं घावन सोडवायला ती चांगली उपयोगी पडतात.