हौद्यातली गादी

मखमलाबादच्या इंदूबाई रोज सकाळी स्वतः पिकअप चालवत कोबी मार्केटला नेतात. बुधवारी माल उतरला, तसे त्यांनी हौद्यात रिकामे क्रेट पालथे मांडले, वर फळ्या टाकल्या, गादी अंथरली आणि ताडपत्री ताणून बांधली. दोन दिवस पेठच्या डोंगरात मुक्कामाला जायचं होतं, एकटीनंच.

धाकटे दीर गाडीला आडवे आले. "वहिनी, बाईमाणसानं हौद्यात झोपायचं? लोक काय म्हणतील?"

"वीस वर्षं पुढची सीट रिकामी असताना तुम्ही मला याच हौद्यात गोण्यांवर बसवून नेलंत, भाऊजी. तेव्हा कुठं गेले होते तुमचे लोक?"

इंदूबाईंनी गाडी सुरू केली. "यायचं असंल तर चला. पण मागं बसा."