शेजारच्या पोराची चौकशी

आमच्या गावात ख्रिस्ती घरं दोनच, आणि त्यातल्या एकाला आता कुलूप आहे. म्हणजे ख्रिस्ती माणूस कसा असतो हे गावाला बघायचं झालं, तर माझ्याकडंच बघावं लागतं. बिचारं गाव! माझी जीभ माझ्या कात्रीपेक्षा धारदार. ब्लाऊज सांगितल्या दिवशी शिवून देते, पण उशिरा माप आणून देणारीला चार शब्द ऐकवल्याशिवाय देत नाही. आई म्हणायची, "शेजारणीला प्रवचन सांगू नको, तिची वाटी रिकामी परत पाठवू नको, एवढं केलंस तरी प्रभूला पुष्कळ." प्रवचन मला जमणारही नव्हतं. शिवून उरलेलं कापड मात्र मी बोटभर असलं तरी गिऱ्हाइकाला परत देते. शिंप्याकडचं उरलेलं कापड परत येतं हे आमच्याकडं कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यावरूनच गावात पसरलं, की किरिस्तान बाई फसवत न्हाई, खोटं बोलत न्हाई. मी कधी तशी दवंडी पिटली नव्हती.

शेजारीण माझी जिवाभावाची. दोन्ही घरांत भिंत एकच, तिच्याकडं फोडणी पडली की ठसका मला लागतो. तिला एक पोरगा, एक पोरगी. माझ्या मालकांना लकवा मारला तेव्हा तिच्याच पोरानं त्यांना खांद्यावर घेऊन जीपमध्ये घातलं आणि जालन्याच्या दवाखान्यात घरच्यासारखा थांबला. मालक गेले, पण त्याचे ते कष्ट मी विसरले नाही. पोरगा शेती करतो, म्हशी सांभाळतो, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. तिशी ओलांडली तरी लग्न जमत नव्हतं. आजकाल आमच्या भागात शेती करणाऱ्याला पोरगी द्यायला कुणी तयार नाही. जमीन असू दे, घर असू दे, पहिला सवाल, नोकरी काय?

त्यानं मध्यंतरी जालन्याला एका लोखंडाच्या कंपनीत काही महिने काम केलं होतं. भट्टीची धग सोसवेना म्हणून सोडून आल्ता. पण नवीन स्थळ आलं तेव्हा शेजारणीनं मध्यस्थाला सांगून टाकलं, पोरगा कंपनीत पर्मनंट हाय, सध्या सुट्टीवर आलाय.

आता आमच्याकडची रीत अशी, की पोरगी द्यायच्या आधी पोरीकडचे लोक पोराच्या गावात येऊन गुपचूप चौकशी करतात. राजूरच्या गणपतीला चाललो होतो, वाटेत पाणी प्यायला थांबलो, असं निमित्त असतं. कोण कशाला आलंय हे सगळ्या गावाला कळतं, आणि सगळं गाव चांगलंच सांगतं. जुळत आलेलं मोडू नये, मोडणाऱ्याला पाप लागतं, अशी सगळ्यांची समजूत.

त्या दिवशी सकाळीच शेजारीण हसत आली. "अक्का, आज पाव्हणे येऊन राह्यले. म्या सांगून दिलंय त्यांना, शेजारी किरिस्तान बाई हाय, तिलाच इचारा, जीव गेला तरी ती खोटं बोलायची न्हाई."

"अगं भवाने, मंग मी खोटं कसं बोलू?"

"याच एका बारीला बोल की! तुझ्या शब्दाला वजन हाय म्हणून तर."

मला हसूही आलं आणि डोकंही फिरलं. म्हटलं, "माझ्याकडं पाठवू नको. पाठवलंस तर मी खरं सांगीन, आधीच बोलून ठेवते."

"चल, कायबी बोलते!" म्हणत ती पोह्यांची तयारी करायला गेली. तिला माझा रोजचा फटकळपणा वाटला.

दुपारी पोरीचा बाप आणि चुलता आले. पाणी प्यायले. पावसापाण्याचं बोलून झालं. मग बाप म्हणाला, "ताई, एकच लेक हाय मला. पोरगा कंपनीत बराबर हाय ना?"

मी मशीन थांबवली. वाटलं, याला म्हणावं, जा की त्या पोरालाच विचार, माझ्या गळ्यात कशाला? पण माणूस माझ्या तोंडाकडं बघत होता. घरून निघतानाच त्यानं ठरवलं असणार, की ही बाई सांगेल ते धरायचं.

"नोकरी न्हाई, पाव्हणे," मी म्हटलं. "होती, सोडली. शेती करतो. पण पोरगा असा हाय..." आणि मी मालकांचं, दवाखान्याचं, म्हशींचं, निर्व्यसनीपणाचं सगळं सांगत राहिले. पहिल्या वाक्यानंतर त्यानं काही ऐकलं असेल असं वाटत नाही. त्यानं हात जोडले आणि दोघं मोटारसायकल सुरू करून निघून गेले. भिंतीपलीकडं पोहे तयार होते.

शेजारीण आली ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "एवढं एक खोटं बोलली असतीस, तर तुझा देव मेला असता का गं?"

"तुझ्या मालकाला माझ्या पोरानं खांद्यावर घेतलं," एवढं बोलून ती गेली. मी शिवायचं कापड तोंडाशी धरून रडले.

मग बोलणं बंद. गावातल्या बायका माझ्याशी जपून बोलू लागल्या, काही जणी ब्लाऊज राजूरला टाकायला लागल्या. जालन्याला रविवारच्या उपासनेत पाळकांनी विचारलं, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं याची कुणाला सगळ्यांपुढं साक्ष द्यायची आहे का? मी मान खाली घातली. काय सांगणार, की मी खरं बोलले आणि मैत्रीण गमावली? संक्रांत आली तेव्हा तिनं मला सोडून सगळ्या आळीत तिळगूळ वाटला. पोरगा मात्र दूध घालायला येत राहिला. एकदा म्हणाला, "मावशी, मनाला लावून घेऊ नका. त्या कंपनीत मी परत जाणारच नव्हतो." त्यानं मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. अजून तो बिनलग्नाचा आहे, आणि म्हशी धुताना दिसला की मी मान वळवून मशीन चालवत राहते.

उन्हाळ्यात एका दुपारी शेजारीण आली. बाकड्यावर बसली. मी पाणी दिलं. तिनं पेला हातातच धरून ठेवला.

"पोरीला स्थळ आलंय," ती म्हणाली.

"बरं झालं."

"पोरगा संभाजीनगरला कंपनीत पर्मनंट हाय म्हणतेत. आमचे हे परवा चौकशीला गेल्ते त्यांच्या गावात. पारावर इचारलं, दुकानात इचारलं, शेजारी इचारलं. समदे चांगलंच सांगतेत."

"मंग काय झालं?"

"समदेच चांगलं सांगतेत, अक्का," ती म्हणाली. तिनं पेला तसाच खाली ठेवला. मग म्हणाली, "त्या गावात तुमच्यातलं एखादं घर हाय का गं?"