मेणाचे हात

फिजिओथेरपीच्या खोलीत आम्ही संधिवाताच्या बायका ओळीने बसतो. दोन्ही हात वितळलेल्या गरम मेणात बुडवून काढायचे आणि मेणासकट टॉवेलात गुंडाळून थांबायचं. तेवढा वेळ हात असून नसल्यासारखे. नाक नेमकं तेव्हाच खाजतं, चष्मा तेव्हाच घसरतो. म्हणून इथली रीत अशी की जिचा नंबर यायचा असतो, तिने बाकीच्यांचे हात व्हायचं.

"सुमनताई, जरा डावीकडे. अहो, माझं डावं!" शेजारच्या काकू नाक खाजवून घेत होत्या.

"एवढं नाक घेऊन यायचंच कशाला?" सुमनताई म्हणाल्या. त्यांची स्वतःची बोटं पार वाकलेली आहेत. काकूंचा चष्मा त्यांनी मनगटानेच वर सरकवला. धडधाकट माणसं आम्हाला मदत करताना फार जपून बोलतात. इथे जपून कुणीच बोलत नाही, आणि मला त्याचंच कौतुक वाटतं.

मी मात्र घरीसुद्धा 'बरंय' एवढंच सांगते. पंचविशीत सांधे दुखतात हे लोकांना पटवत बसायचं जिवावर येतं. पण काल, हात टॉवेलात असतानाच, माझे डोळे भरून आले. सुमनताईंनी उठून पदराने ते टिपले.

"मेण जास्त गरम झालं का गं?"

'हो' म्हणून सुटणं सोपं होतं. तरी मी म्हणाले, "नाही. दुखतंय. रोज दुखतं."

"दुखतंच गं," त्या म्हणाल्या. "नाक पुसू?"

कुणाकडे पाणीसुद्धा न मागणाऱ्या मी निमूटपणे नाक पुढे केलं.