मावशी केक करत नव्हती

आमच्या घरात कॉफीचा केक आला तो आईच्या आत्यामुळे. ती नर्स होती, लग्न केलं नव्हतं, आणि बरीच वर्षं हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये एका ख्रिश्चन सिस्टरबरोबर एकाच खोलीत राहिली. केक ती तिच्याकडून शिकली. सुट्टीत जोगेश्वरीला भावाकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे आली, की पिशवीतून मैदा, लोणी आणि कॉफीची पूड काढायची आणि चाळीच्या गॅलरीत शेगडी पेटवून बसायची. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू, वाळूवर केकचा डबा, वर झाकण आणि झाकणावर निखारे.

कृती कुणी कधी लिहून ठेवली नाही. आत्याने ती आपल्या दोन भाच्यांना, माझ्या आईला आणि धाकट्या मावशीला, हाताखाली घेऊन शिकवली. कामं वाटून दिली होती. आईकडे फेटणं. आधी लोणी-साखर, मग एकेक अंडं, हात न बदलता, एकाच दिशेने. मावशीकडे कॉफी. पूड पाण्यात उकळत ठेवायची, ती आटून काकवीसारखी दाट झाली की करपायच्या आत उतरवायची. "घाई करू नको गो," आत्या सांगायची, "आणि उशीर पण नको." ती वेळ मावशीला वासावरून कळायची. आईला कधीच कळली नाही. तिला गरजही पडली नाही, कारण शेजारी मावशी असायची. केकच्या पोटात जायफळ, साखर आणि काजूच्या चुऱ्याचा एक थर असायचा. तो आत्याने स्वतःच्या डोक्याने घातलेला. त्या सिस्टरला तो अजिबात पटला नव्हता म्हणे.

आईचं लग्न होऊन ती मुलुंडला आली, मावशी घाटकोपरला गेली. आत्या वारली तेव्हा तिचा केकचा डबा आईकडे आला. मावशीने तो मागितलाच नाही, कारण तिच्या सासरी अंडं चालत नव्हतं. नुसतं खाणं नव्हे, अंडं घरात आणणंसुद्धा. घर तसं सुशिक्षित होतं. मावशीचे यजमान, आमचे काका, बँकेत होते, घरात टीव्ही आमच्या आधी आला. पण मावशीच्या सासूबाईंचा कडकपणा वेगळाच होता. मावशीला मुलगी झाली तेव्हा बारशाला आमच्या ताटात लाडू वाढताना त्या म्हणाल्या, "यंदा बुंदीचेच केलेत. पेढे मुलाला."

म्हणून केक आमच्याकडे व्हायचा. वर्षातून एकदा, मावसबहिणीच्या वाढदिवसाला, मावशी तिला घेऊन सकाळीच मुलुंडला यायची. आल्या आल्या पदर खोचायची आणि स्वयंपाकघरात शिरायची. गॅस आला होता, तरी पातेलं आणि वाळू तीच. आई ओट्याशी उभी राहून फेटायची, मावशी कॉफीवर नजर ठेवून असायची, आणि दोघी सतत बोलायच्या. मी आत गेले की आवाज खाली यायचा. एकदा मावशीच्या दंडावर एक डाग पाहिला होता मी, इस्त्रीच्या टोकासारखा. "काय लागलं गं मावशी?" म्हटलं तर ती म्हणाली, "इस्त्रीच." आई फेटायची थांबली होती, ते मला आठवतं.

मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट. दुपारी शेजारच्या काकू आमच्याकडे धावत आल्या. त्यांच्याकडे फोन होता. घाटकोपरहून कुणीतरी सांगितलं होतं की मावशी भाजली. स्टो भडकला.

मला वॉर्डात नेलं नाही. आई रोज जायची, संध्याकाळी परत आली की आधी न्हाणीघरात जाऊन साडी धुवायची, मग आमच्याशी बोलायची. मावशी काही दिवस शुद्धीत होती. जबाब घ्यायला सरकारी माणूस आला, तेव्हा तिने सांगितलं की मुलीचा वाढदिवस जवळ आला होता, म्हणून घरी कुणी नसताना केक करून बघत होते, स्टोला पंप मारताना भडका उडाला, कुणावर संशय नाही. सासूबाई तेव्हा दाराशी बसून होत्या. दुसऱ्या दिवशी आई एकटी असताना मावशी तिला म्हणाली, "ताई, पोरीला तू घेऊन जा."

"ते देतील होय?"

"देतील," मावशी म्हणाली. "आता देतील."

त्यानंतर ती फारसं बोललीच नाही. रविवारी गेली.

दिवस झाल्यावर आईने माळ्यावरून केकचा डबा काढला, कापडी पिशवीत घातला आणि मला म्हणाली, "चप्पल घाल." बाबा ऑफिसात होते. ती त्यांच्यासाठी थांबली नाही. बसने आम्ही घाटकोपरला उतरलो आणि पोलीस स्टेशनात गेलो. तिथे बाकावर खूप वेळ बसवून ठेवलं. मग एका साहेबांनी आत बोलावलं. आईने डबा त्यांच्या टेबलावर ठेवला.

"हा काय प्रकार आहे, बाई?"

"केकचा डबा. हा माझ्याकडे असतो, मुलुंडला. माझी बहीण केक माझ्याकडेच करायची. त्या घरात अंडं आणत नाहीत."

"म्हणूनच चोरून करत असेल."

"कशात केला मग?"

"अहो, दुसरं भांडं घेतलं असेल. तुम्ही बायका काय, कशातही करता." ते वाईट बोलत नव्हते, थकलेले दिसत होते. "बाई, खुद्द त्यांचाच जबाब आहे. शेवटचा जबाब. त्याच्यापुढे हा डबा घेऊन मी काय करू, सांगा."

आईने डबा उचलून पिशवीत घातला. परत येताना बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि खिडकीबाहेर बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला त्याचीच भीती वाटली.

त्या रात्रीच्या जेवणाला ती बाबांना म्हणाली, "तिने केकच का सांगितला? चहा म्हणाली असती, दूध म्हणाली असती. केक म्हणाली, कारण खोटं आहे हे मला कळावं."

"अगं, तिची अवस्था काय होती," बाबा म्हणाले. "त्यात असं काही शोधू नकोस. त्रास होईल तुलाच."

"आणि पोरगी दिली त्यांनी. एका शब्दात. का दिली?"

बाबांनी वाटीतलं ताक भातावर ओतून घेतलं. मी ताटातला भात चिवडत बसले. आई काय म्हणत होती ते मला तेव्हा नीट कळलं. मावशीने जबाब त्यांच्या सोयीचा दिला, आणि बदल्यात मुलगी मागून घेतली.

मावसबहिणीला काकांनी स्वतः आणून सोडलं. रिक्षातून तिची छोटी बॅग उतरवली, वर आले, पाणी प्यायले. "इथे रमेल ती," म्हणाले, आणि मग खुर्चीत बसून ढसाढसा रडले. ते रडणं खरं होतं की नाही, ह्याचा विचार मी नंतर पुष्कळ केला आहे. मला वाटतं, खरं होतं. त्याने काही सिद्ध होत नाही. वर्ष व्हायच्या आत त्यांनी दुसरं लग्न केलं, आणि त्यांचं येणं कमी होत होत थांबलं.

बहीण पहिलीत होती. शहाण्यासारखी राहायची, फारच शहाण्यासारखी. ताट धुवून ठेवायची, काही मागायची नाही. फक्त वाढदिवसाचं नाव काढलेलं तिला चालत नसे. आईने पहिल्या वर्षी शिरा केला, तर ती तापाने फणफणली. कुणी पाहुणे आले आणि कॉफी ठेवली, की ती उठून जिन्यात जाऊन बसायची. आई म्हणायची, आईची आठवण येत असेल, कोवळं पोर आहे. केकचा डबा माळ्यावर गेला तो तिथेच राहिला.

अशी तीन-चार वर्षं गेली. मे महिन्यात एका दुपारी आम्ही दोघी बिल्डिंगच्या गच्चीवर पापडांची राखण करत बसलो होतो. टाकीच्या सावलीत. मी कॉलेजात जाणार होते, त्या ऐटीत काहीबाही बोलत होते. मध्येच ती म्हणाली, "मी हट्ट केला होता."

"कसला?"

"त्या वर्षी केक आपल्याच घरी पाहिजे म्हणून. माझ्या मैत्रिणी मुलुंडला येऊ शकत नव्हत्या ना. आई नको म्हणत होती. मी जेवले नाही दोन वेळा. मग ती म्हणाली, बरं, बघते." पापडांवर बसलेला कावळा तिने हाकलला. "म्हणून ती करत होती."

एवढ्याशा पोरीने हे कुणालाही न सांगता इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं.

मी खाली येऊन आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. ऐकताना तिचे हात चालूच होते, मग ते थांबले. "बघते म्हणाली होती?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. आईने ताट उचलून ओट्यावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला स्टुलावर चढवून डबा काढायला लावला. बाबांना वाळू आणायला पाठवलं. कुठेतरी बांधकाम चालू होतं तिथून ते पिशवीभर घेऊन आले, काही न विचारता. आईने ती धुवून वाळवली. मग बहिणीला हाक मारली. ती दारातच उभी राहिली, आत येईना.

"ये. मी आहे ना."

ती आली. आईने तिला ओट्याजवळ स्टुलावर बसवलं आणि समोर सगळं करून दाखवलं. लोणी, साखर, अंडी. हात भरून आला तरी थांबली नाही. "हे बघ. हे फेटणं तुझ्या आईला येत नव्हतं. माझं काम होतं हे. लहानपणापासून तिने माझ्याशिवाय एकदाही केक केला नाही. आणि हा डबा. हा तेव्हा इथे होता, ह्या घरात."

"दुसऱ्या भांड्यात केला असेल," बहीण म्हणाली. पोलीस स्टेशनातल्या साहेबांचेच शब्द.

"नाही. तुझी आई केक करत नव्हती."

"तिनेच सांगितलं ना पण, जबाबात?"

"सांगितलं. तुला माझ्याकडे पाठवता यावं म्हणून सांगितलं. तुझ्या हट्टाचा त्यात काही संबंध नाही. कळलं?"

गॅसवर कॉफी उकळत होती. आई तिच्याशी बोलत राहिली आणि कॉफी करपली. घरभर जळका वास झाला. बहिणीने नाक दाबलं नाही की उठून गेली नाही. ती म्हणाली, "मग काय करत होती?"

"मला माहीत नाही. मी तिथे नव्हते."

"कुणी केलं?"

आईने पातेलं उतरवलं. "तू मोठी झालीस, की मला माहीत आहे तेवढं सगळं सांगेन. आज एवढंच."

करपलेली कॉफी तिने तशीच मिश्रणात ओतली. केक फुगला, वर तडकला, दिसायला चांगला झाला. बहिणीने एक तुकडा पूर्ण खाल्ला, हळूहळू, आणि म्हणाली, "कडू आहे."

"हो," आई म्हणाली. "कॉफीचं तुझी आई बघायची."

तेव्हा बहीण रडली. आमच्या घरी आल्यापासून पहिल्यांदा. आईने तिला जवळ घेतलं आणि मला मानेने बाहेर जायला सांगितलं.

संध्याकाळी मी भांडी विसळत होते, आई पुसून फळीवर लावत होती. बहीण बाहेर खेळायला गेली होती. आई अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हट्टाचं मला माहीत नव्हतं."

मी नळ बंद केला.

"मी इतकी वर्षं धरून बसले होते की अंडं त्या घरात येणंच शक्य नाही. पण पोरगी दोन वेळा जेवली नसेल, तर ती काहीही करेल. डबा नसेल तर कढईत करेल."

"म्हणजे?"

"म्हणजे मलाही आता नक्की सांगता येत नाही." तिने वाटी फळीवर ठेवली. "हे तिला कधी बोलू नकोस."

आई होती तोवर हा विषय आमच्यात परत निघाला नाही. मला स्वतःला काय वाटतं? इस्त्रीचा डाग मला विसरता येत नाही. पण इस्त्री सगळ्यांच्याच हाताला लागते.

बहीण कॉलेजात गेली तेव्हा आईने शब्द पाळला. दंडावरचा डाग, जबाब, "आता देतील", सगळं सांगितलं. शेवटची शंका तेवढी सोडून. बहिणीने शांतपणे ऐकून घेतलं आणि उठून दोरीवरचे कपडे काढायला गेली. त्यानंतर एक दिवस ती मला बरोबर घेऊन घाटकोपरला गेली. बिल्डिंग तीच होती, नवीन रंग दिलेली. आम्ही खाली रस्त्यावर उभ्या राहिलो. वर गॅलरीत एक बाई मुलाचा शाळेचा शर्ट वाळत घालत होती. काकांची दुसरी बायको असणार. आम्ही हलत नाही असं बघून तिने वरून विचारलं, "कोण पाहिजे?"

"कुणी नाही," बहीण म्हणाली, आणि आम्ही स्टेशनच्या दिशेने चालायला लागलो.